वरंध घाट : लाव्हाच्या पायऱ्यांवरून उतरणारा रस्ता

पुणे जिल्ह्यातील भोरहून रायगडमधील महाडकडे जाणारा वरंध घाट हा सह्याद्रीतील अतिशय देखणा मार्ग. नीरा-देवघर धरणाचा जलाशय बराच काळ सोबत करतो. पुढे वाघजाई मंदिराच्या परिसरात कोकणाचे खोरे एकाएकी समोर उघडते. पावसाळ्यात या घाटाचे रूप सर्वाधिक खुलते. नेमक्या त्याच काळात प्रशासनाला तो अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागतो. सौंदर्य आणि धोका या दोहोंचे मूळ एकाच दगडात आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्हारस बाहेर पडून दूरवर पसरला. त्यातून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आढळतो. हे एका उद्रेकाचे काम नव्हे. एक प्रवाह थिजावा, काही काळ लोटावा आणि त्यावर दुसरा पसरावा, असे पुनःपुन्हा घडले. टणक थरांचे उभे कडे झाले, ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार बनले आणि डोंगराला जिन्याचे रूप आले. या खडकांना मिळालेल्या ‘दख्खन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

दोन प्रवाहांमधील काळात काही ठिकाणी तांबड्या मातकट थराची निर्मिती झाली. सह्याद्रीतील घाटरस्त्यांसाठी कापलेल्या भिंतींत हा पट्टा काळ्या कातळामध्ये सहज ओळखू येतो. प्रवाशांच्या नजरेला तो सुखावतो, अभियंत्यांना मात्र सावध करतो. लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून पावसाचे पाणी मुरते, चिकणमातीच्या थरावर अडते आणि तो थर भिजून कमकुवत होतो. त्यावरील कातळाचा आधार सुटतो. रस्त्यासाठी उताराचा पायथा आधीच कापलेला असेल, तर दरड कोसळण्यास फारसे निमित्त लागत नाही. लोखंडी जाळ्या सुटे दगड रोखतात. खचणारा डोंगर रोखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे उतारावरील पाण्याचा निचरा हाच खरा उपाय ठरतो, आणि बहुधा दुर्लक्षही त्याकडेच होते.

या परिसराने त्याची मोठी किंमत मोजली आहे. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत डोंगर खचून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. 

वरंध बंद झाला की कोकणात उतरण्यासाठी ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटाचा पर्याय उरतो. हे दोन्ही मार्गही याच पाषाणातून उतरतात. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळीही दरडींमुळे बंद पडला होता.