आधी खर्च, मागाहून भत्ता

जर्मनीत भाड्याचं घर बघायला गेलेल्या अमेरिकी सैनिकाच्या कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. पुष्कळदा तिथे ओटा नसतो, सिंक नसतं, भिंतीवरची कपाटंही नसतात. भिंतीतून नळाची तोंडं तेवढी बाहेर आलेली, आणि छतातून दिव्याच्या जागी दोन वायरी लोंबत असलेल्या. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचकटून बरोबर घेऊन गेलेला असतो आणि तिथल्या रिवाजात त्याला कोणी नावं ठेवत नाही. मग घरमालक डिपॉझिटचा आकडा सांगतो. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. म्हणजे १,४०० युरो भाड्याच्या घराला ४,२०० युरो डिपॉझिट, त्यावर पहिल्या महिन्याचं भाडं आणि वर पडदे, दिवे, ओटा. या सगळ्याला सैनिकाला भत्ते आहेत. प्रश्न आहे तो ते हातात कधी पडतात याचा.

अमेरिकेचे सुमारे ५५ हजार सैनिक जपानमध्ये, ३५ हजारांच्या आसपास जर्मनीत आणि साडेअठ्ठावीस हजार दक्षिण कोरियात असतात. त्यातले बरेच जण बायकामुलांसह दोन-तीन वर्षांसाठी जातात. आपल्याकडचे जवान संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगो, दक्षिण सुदान किंवा लेबनॉनला जातात तेव्हा कुटुंब मागेच राहतं. घराचा गाडा गावी किंवा छावणीत चालू राहतो आणि पगार तिथेच जमा होतो. अमेरिकी सैनिकाचं तसं नाही. त्याचं अख्खं बिऱ्हाड समुद्रापार जातं, आणि एका देशातले सगळे आर्थिक व्यवहार आवरता आवरता दुसऱ्या देशात नवे मांडावे लागतात. अमेरिकेत वाढलेली काही मराठी मुलंमुलीही आता त्या सैन्यात आहेत. पण त्यांच्यापुरताच हा विषय नाही. कंपनीच्या कामासाठी सहकुटुंब परदेशी जाणाऱ्या कोणालाही यातल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

समजा, एक सार्जंट, त्याची बायको आणि दोन मुलं टेक्सासमधून जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नला चालली आहेत. सामानाची वाहतूक सरकार करतं. वजनाची मर्यादा हुद्द्यानुसार ठरते. सरकारी खर्चाने गाडी मात्र एकच नेता येते, त्यामुळे दुसरी निघण्याआधी विकावी लागते. घाईत विकलेल्या गाडीला काय भाव येतो, ते वेगळं सांगायला नको. नेण्याच्या गाडीवर कर्ज असेल तर ती देशाबाहेर न्यायला कर्ज देणाऱ्या बँकेची लेखी परवानगी लागते. ते पत्र आधी मागवलं नाही तर गाडी बंदरावरच अडकते. जपानला निघालेल्यांनी बहुतेक वेळा गाडी नेण्याचा विचारही करू नये, कारण तिथले नियम अमेरिकी गाडीला आत येऊ देत नाहीत. तिथे जुनी जपानी गाडी घेतात आणि दर दोन वर्षांनी तिच्या सक्तीच्या तपासणीसाठी पैसे बाजूला ठेवतात.

पोचल्यावर घर मिळेपर्यंत मुक्काम हॉटेलात. त्यासाठी तात्पुरत्या निवासाचा भत्ता मिळतो, साधारणपणे ६० दिवसांपर्यंत. पण तो बहुतेक ठिकाणी दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांत, पावत्या आणि घर शोधत असल्याचा पुरावा दिल्यावर मिळतो. खोलीत स्वयंपाकाची सोय असली की जेवणाचा भाग निम्मा होतो. शिवाय हॉटेलचं बिल सैनिकाच्या कार्डावर चढतं. ते कार्ड सरकारी प्रवासाचं असलं तरी बिल त्याच्या नावावर येतं, आणि भत्ता आला नाही म्हणून बिलाची तारीख थांबत नाही. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. याखेरीज बिऱ्हाड हलवण्याचा एकरकमी भत्ता आहे, नव्या घरात शिरण्याचा वेगळा भत्ता आहे, आणि एक कुत्रा किंवा मांजर नेण्याच्या खर्चापोटी २०२४पासून परदेशच्या बदलीत २,००० डॉलरपर्यंत भरपाईही आहे. सगळ्यांची बेरीज केली तर बहुतेक खर्च भागतो. पण बेरीज वर्षअखेरीस करायची असते, आणि हॉटेलवाल्याला पैसे आज द्यायचे असतात.

म्हणून या बदलीत मला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो तो तारखांचा. कोणता खर्च कधी येणार, त्याची भरपाई कधी येणार आणि मधले दिवस कशावर काढायचे, एवढं एका पानावर मांडलं तरी निम्मी ओढाताण टळते. आदेश हातात पडल्यापासून विमानात बसेपर्यंत सहसा काही महिने मिळतात. त्या काळात दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रोकड बाजूला काढणं हे बाकी सगळ्या आर्थिक सल्ल्यांच्या आधी येतं. निवृत्तीची गुंतवणूक काही महिने कमी केली तरी चालेल, पण क्रेडिट कार्डावरचं व्याज घेऊन नव्या देशात पाय ठेवू नये.

इथे एक सोपी वाट दिसते: आगाऊ पगार. बदलीच्या वेळी तीन महिन्यांपर्यंतचा मूळ पगार बिनव्याजी आगाऊ मिळू शकतो आणि तो साधारण वर्षभरात पगारातून वळता होतो. अडचणीत असलेल्यांना दोन वर्षांची मुदतही मिळू शकते. बिनव्याजी म्हटल्यावर हात पुढे होतो. पण ६,००० डॉलर घेतले की पुढे बारा महिने दरमहा ५०० डॉलर कमी हातात पडणार, आणि तेही नव्या देशातल्या खर्चाचा अंदाज नसताना. ही रक्कम डिपॉझिटसारख्या नेमक्या गरजेला घ्यावी. नवीन सोफ्यासाठी किंवा पोचल्या पोचल्या पॅरिस बघायला मुळीच घेऊ नये. डिपॉझिटसाठी तर वेगळी आगाऊ रक्कमही मिळते. मात्र घरमालकाकडून परत मिळणारं डिपॉझिट जाताना सरकारला फेडायचं असतं, हे बरेच जण विसरतात. जपानमध्ये घरमालकाला द्यायच्या रकमेचे दोन भाग असतात: एक परत मिळणारा, दुसरा केवळ रीत म्हणून दिलेला, कधीच परत न येणारा. दोन्हींची भरपाई वेगवेगळ्या खात्यांतून होते, म्हणून करारावर सही करण्याआधी तो लष्कराच्या गृहनिर्माण कार्यालयाकडून तपासून घ्यायचा असतो.

घरभाड्याच्या बाबतीत मायदेश आणि परदेश यांत मोठा फरक आहे. अमेरिकेत भत्ता ठरावीक असतो. स्वस्तात राहिलात तर उरलेले पैसे तुमचे. परदेशात प्रत्यक्ष भाडं तेवढंच मिळतं, तेही कमाल मर्यादेपर्यंत. वाचवून हाती काही लागत नाही, मग वाचवायचं कशाला? तळांच्या आसपासच्या घरमालकांनाही ही मर्यादा पाठ असते. टेक्सासमध्ये असताना भत्त्यातून उरणाऱ्या दोन-तीनशे डॉलरांवर ज्यांचा गाडीचा हप्ता चालत होता, त्यांचं गणित इथे पहिल्याच महिन्यात चुकतं. ती उरणारी रक्कम पगाराचा भाग नव्हती, हे निघण्याआधीच लक्षात घ्यायला हवं.

आता चलनाविषयी, कारण या विषयाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग तो आहे. १९४९ ते १९७१ या काळात एका डॉलरला ३६० येन मिळत. २०११मध्ये तो दर ७६च्याही खाली गेला आणि २०२४च्या उन्हाळ्यात १६०च्या वर चढला. जर्मनीतही तसंच. १९६०च्या दशकात एका डॉलरला ४ मार्क येत, १९७८च्या शरदात २ मार्कही येईनात. साध्या शिपायाच्या हातातल्या डॉलरची किंमत तळाबाहेर निम्म्याहून कमी. १९८५च्या सुरुवातीला डॉलर पुन्हा ३ मार्कांच्या वर गेला आणि १९८७ संपताना १.६०वर आला. एकाच नेमणुकीत दोन्ही टोकं बघितलेली कुटुंबं होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर लष्कराने आपलं वेगळं चलनच छापलं होतं. सैनिकांच्या हातचे डॉलर जर्मनी-जपानच्या काळ्या बाजारात जाऊ नयेत म्हणून १९४६पासून तळांवर खास नोटा चालत, आणि अधूनमधून अचानक एखाद्या दिवशी तळाची दारं बंद करून जुन्या नोटा रद्द केल्या जात. तळाबाहेर ज्यांनी त्या साठवल्या होत्या त्यांच्या हाती कागद उरे. व्हिएतनामपर्यंत, १९७३पर्यंत ही पद्धत चालली.

आज या चढउतारावर उपाय म्हणून परदेशातला महागाई भत्ता आहे. तो करमुक्त असतो आणि विनिमय दराबरोबर हलतो. डॉलर घसरला की वाढतो, वधारला की कमी होतो. गेल्या काही वर्षांत येन पडला तेव्हा जपानमधल्या कुटुंबांचा हा भत्ता झपाट्याने उतरला आणि नाराजी उसळली. हिशोबाच्या दृष्टीने ते बरोबर होतं, कारण येनमधली प्रत्येक वस्तू त्यांना स्वस्त झाली होती. पण जी कुटुंबं तळावर राहतात, तळावरच्याच दुकानात डॉलरमध्ये वाणसामान घेतात, त्यांचा खर्च तेवढा उतरत नाही. त्यांची बाजू मला खरी वाटते. त्याहून खरी गोष्ट अशी की हा भत्ता पगारात धरून कोणताही हप्ता बांधून घेऊ नये. तो आहे असं समजून भाजी आणावी, गाडी आणू नये.

जर्मनीतल्या खर्चाला एक मोठा दिलासा आहे. तिथल्या १९ टक्के मूल्यवर्धित करातून सैनिक कुटुंबांना सूट मिळते. मात्र तळावरच्या कार्यालयातून अर्ज आधी विकत घ्यावा लागतो आणि तो स्वीकारायला दुकानदार तयार असावा लागतो. करासह ५,००० युरोंचं स्वयंपाकघर बसवलं तर सुमारे ८०० युरो वाचतात. खरेदी आधी आणि अर्ज नंतर, असं चालत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, कपड्यांची कपाटं लष्कराच्या फर्निचर विभागाकडून वापरायला मिळतात. त्यामुळे अमेरिकेतली ११० व्होल्टची उपकरणं तिकडेच सरकारी खर्चाच्या गोदामात ठेवून जाणं शहाणपणाचं.

कर्जाच्या बाबतीत कायदा सैनिकाच्या बाजूने आहे, फक्त तो माहीत पाहिजे. २००३च्या कायद्यानुसार बदलीचा आदेश दाखवून घराचा भाडेकरार दंड न भरता मोडता येतो, आणि परदेशी बदली असेल तर भाडेतत्त्वावर घेतलेली गाडीही परत करता येते. सैन्यात येण्यापूर्वीच्या कर्जावरचं व्याज ६ टक्क्यांवर रोखून धरता येतं. दुसरा कायदा २००६चा. छावण्यांच्या फाटकांबाहेर पगाराच्या तारखेवर कर्ज देणारी दुकानं उभी होती आणि त्यांच्या व्याजाने तरुण सैनिक बुडत होते. तेव्हा अमेरिकी संसदेने सैनिकांना दिल्या जाणाऱ्या अशा कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चाला ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. हा केवळ दयेचा मामला नव्हता. कर्जात रुतलेल्या सैनिकाची गोपनीय कामासाठीची परवानगी धोक्यात येते आणि तिच्यासोबत नोकरीही. म्हणून अडचण आली की आधी मदत संस्थांकडे जायचं: नौदलाची १९०४पासूनची, भूदलाची आणि हवाई दलाची १९४२पासूनची. त्या बिनव्याजी कर्ज देतात, आणि प्रसंगी मदत परत मागतही नाहीत.

या सगळ्या भत्त्यांच्या यादीत एक जागा रिकामी आहे, आणि तीच मला सगळ्यात जास्त टोचते. टेक्सासमध्ये ती सार्जंटची बायको परिचारिका असेल, शाळेत शिकवत असेल. तिचा परवाना त्या राज्याचा. जर्मन इस्पितळात तो चालत नाही, आणि तळावरच्या जागा मोजक्या. तिथे बसून अमेरिकी कंपनीचं काम केलं तर जर्मन कर लागू शकतो. संरक्षण खात्याच्या २०२१च्या पाहणीत सैनिकांच्या जोडीदारांमधली बेरोजगारी २१ टक्के होती. मागे राहिलेल्या त्या पगाराची भरपाई कोणताच भत्ता करत नाही. दर दोन-तीन वर्षांनी नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईच्या निवृत्तीच्या खात्यात किती पडतं, याचा विचार घरात दोघांनी बसून करायला हवा. नवऱ्याच्या पगारातून तिच्या नावाने गुंतवणूक चालू ठेवणं हा त्यावरचा पूर्ण उपाय नाही. पण एवढं तरी व्हावं.

मागे स्वतःचं घर असेल तर विकायचं की भाड्याने द्यायचं, हा प्रश्न येतोच. राहत्या घराच्या नफ्यावरची करसूट टिकवायला विक्रीआधीच्या पाच वर्षांतली दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. सैनिकांसाठी ही पाच वर्षांची मोजणी दहा वर्षांपर्यंत थांबवता येते. त्यामुळे घाईने विकण्याची गरज नाही. पण आठ हजार किलोमीटरवरून गळका नळ दुरुस्त करता येत नाही. देखभालीचा माणूस आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांची शिल्लक नसेल तर भाड्याचं उत्पन्न कागदावरच राहतं.

बँकेचंही तसंच बारीक काम. अमेरिकी फोन नंबर बंद केला की बँकेचा ओटीपी येईनासा होतो, आणि परक्या देशात स्वतःच्याच खात्याबाहेर उभं राहावं लागतं. तो नंबर स्वस्तातल्या इंटरनेट सेवेवर वळवून जिवंत ठेवावा. जर्मन घरमालकाला आणि वीज कंपनीला युरो खात्यातून पैसे लागतात. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर अमेरिकी अर्थखात्याला कळवावं लागतं. तळावरच्या लष्करी बँकेतली खाती यातून वगळली आहेत. कराचं विवरणपत्र भरायला परदेशात असलेल्यांना १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते, पण भरायच्या करावर व्याज एप्रिलपासूनच सुरू होतं.

परतीच्या वेळीही पैसे मागेच रेंगाळतात. जर्मनीत गरम पाणी, हीटर, कचरा यांचे पैसे दरमहा अंदाजाने घेतले जातात आणि खरा हिशोब वर्षातून एकदा होतो. २०२२मध्ये गॅसच्या किमती भडकल्या तेव्हा कित्येक भाडेकरूंच्या हाती शेकडो युरोंची फरकाची बिलं पडली. घर सोडून महिने लोटल्यावर असं बिल येऊ शकतं, आणि तोवर घरमालक डिपॉझिटचा काही भाग कायद्याने राखून ठेवू शकतो. त्यामुळे निघताना घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो, मीटरचे आकडे आणि चाव्या परत दिल्याची सही असलेला कागद हाती असावा. युरो खातं लगेच बंद करू नये. डिपॉझिट परत येईपर्यंत आणि शेवटचा हिशोब मिटेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, ते थोड्या शिल्लकीसह चालू ठेवावं.