घरातला मुलगा आणि उपचाराची वाट

एकत्र कुटुंबात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने धाकट्या चुलत बहिणीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचे उघडकीस आले, की वडीलधारी मंडळी बहुधा प्रकरण घरातच दडपतात, नाहीतर मुलाला तडकाफडकी वसतिगृहात धाडतात. पेढीची अब्रू राहते. मुलगी मात्र एकाकी पडते आणि मुलगा होता तसाच राहतो. वसतिगृहातही लहान मुले असतातच!

असा मुलगा कायमचा बिघडला, ही समजूत अभ्यासाला मान्य नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल काल्डवेल यांनी २०१६ साली शंभराहून अधिक पाहण्यांतील ३३ हजारांवर किशोरांची माहिती एकत्र केली. पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होते. अर्थात ही उघडकीस आलेली मुले. दडपलेल्या प्रकरणांना हा दिलासा लागू नाही. त्याच देशात चार्ल्स बोर्डुइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत उपचारक घरी येतो व आईवडिलांनाच हाताशी धरतो. मुलावर देखरेख कोणाची, त्याचे मित्र कोण, तो कोणासोबत एकटा असतो, अशा साध्या प्रश्नांपासून काम सुरू होते.

आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नातेवाईकही त्याला अपवाद नाहीत. पुढे मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन होते. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसल्यास तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

परंतु हे मूल्यमापन खटला कोठे चालवावा यासाठी आहे, उपचारासाठी नव्हे. मंडळ समुपदेशनाचा आदेश देऊ शकते; मात्र या विषयाचा प्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक जिल्ह्यात हवा, तरच त्या आदेशाला अर्थ. शासनाच्या धोरणात जिल्हा रुग्णालयातील अशा सेवेची तरतूद असायला हवी, आणि पीडित मुलीचा उपचार त्याआधी. घर सोडायची वेळ आलीच, तर तिला मामाकडे पाठवू नये. मुलाला हलवावे, तेही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

रुग्णालये, वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या विश्वस्त मंडळींना हा खर्च अवघड नाही. यंत्रसामग्री लागत नाही; दोन प्रशिक्षित माणसे आणि आडोशाची एक खोली पुरते.