चिमूटभर चिखलातला समुद्र

नाहूर स्थानकाच्या पूर्वेला मिठागरे आणि त्यापुढे ठाणे खाडीची तिवरे आहेत. पश्चिमेला काळ्या ज्वालामुखी खडकाचे डोंगर आहेत. तापलेल्या लाव्हापासून बनलेल्या त्या खडकात समुद्री जीवाश्म शोधून मिळायचे नाहीत. खाडीचा चिमूटभर चिखल मात्र बारीक चाळणीवर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली इवलीशी कवचे दिसतात. ही फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे. जीव मरतो, कवच गाळात राहते. पुढे गाळाचा खडक झाला, की तेच सूक्ष्म जीवाश्म ठरते.

एका विद्यार्थ्यावरून शाळा ओळखता येत नाही, हजेरीपट पाहावा लागतो. येथेही तसेच आहे. किती प्रकार एकत्र आहेत आणि कोणाचे प्रमाण किती, हे महत्त्वाचे. खाडीच्या पाण्याचा खारेपणा सतत बदलतो. तो सोसणारे अमोनियासारखे प्रकार थोडे, पण त्यांची संख्या पुष्कळ. उबदार, स्वच्छ, उथळ समुद्रात प्रकार वाढतात. तेथे मोठ्या, चपट्या कवचांचे प्रकारही राहतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असते आणि त्याला प्रकाश लागतो. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राच्या गाळात तरंगत जगणाऱ्या प्रकारांचे प्रमाण वाढते.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी.वर १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले. या समुद्राखालच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी तळाशी दख्खनचा बेसाल्टच आहे. त्यावर किनाऱ्यालगतचे वाळू, चिकणमाती व कोळशाचे थर आहेत. त्यांच्यावर इओसीन काळातील (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत नाण्यासारखे नुम्युलाइट्स आढळतात, तर मायोसीन काळातील चुनखडीत मायोजिप्सिना. म्हणजे किनारा बुडाला आणि तेथे प्रकाश तळापर्यंत पोचणारा समुद्र आला. पण चुनखडीची जाडी शेकडो मीटर! मग समुद्र उथळ कसा? कारण तळ हळूहळू खचत होता आणि खचलेली जागा नवी कवचे भरून काढत होती. नंतर चिकणमाती साचली. चुनखडीच्या छिद्रांतील तेलावर तिचे झाकण बसले.

हे वाचन सोपे नसते. विहीर खणताना खडकाचा चुरा वर येतो, पण वरच्या थरांचे तुकडेही निसटून त्यात मिसळतात. त्यामुळे खाली जाताना एखादा प्रकार प्रथम कोठे दिसला, ही खूण भरवशाची. शेवटी कोठे दिसला, ही नव्हे. येथे चूक झाली, तर थराचे वय चुकते आणि खर्चिक विहीर भलत्याच थरात जाऊ शकते.

वर्गात हे करून पाहता येईल. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे. तेथील चिखल काढू नये. त्याऐवजी दोन वेगवेगळ्या चौपाट्यांची बारीक वाळू आणावी. सापडतील ती कवचे ओल्या कुंचल्याच्या टोकाने वेचून प्रकारांनुसार मांडावीत आणि मोजावीत. दोन्हीकडे सारखीच कवचे मोजूनही एक यादी लांब निघाली, तर का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच शोधावे.