एका वेळी एकच प्रश्न, बॉस!

वीकएन्डला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स? आमची गँग हातोडा चालवते. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून सुरी घडवायची, असा हा हटके छंद!

माझ्या पहिल्या सुरीला पाणी द्यायची वेळ आली. म्हणजे तापलेलं पातं तेलात बुडवायचं. बुडवलं आणि ‘टिक्‌’! सरळ तडा. तीन आठवड्यांची मेहनत वाया. झालं, सगळेच तुटून पडले. ‘पोलादच बोगस!’ ‘तेल गार होतं!’ एक जण तर मुठीच्या लाकडावर घसरला. मी रडकुंडीला.

शेवटी आमच्यातला सीनियर दादा ओरडला, ‘‘एका वेळी एकच प्रश्न! आधी पोलाद, मग ताप, मग तेल. मूठ पुढच्या शनिवारी!’’

दुसऱ्याच प्रश्नाला माझी चोरी पकडली गेली. साधारण ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या थोडंच वर थांबायचं असतं. मी मात्र पातं पिवळंधमक होईपर्यंत तापवत बसले होते. तुटलेल्या कडेला साखरेसारखे जाड कण दिसत होते. पुरावाच!

१९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षाही अशीच क्रमवार. आधी टांगता, इंचभर जाड दोर एका घावात कापायचा. मग लाकूड तोडायचं. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं, तुकडे न होता. वादाला जागाच नाही!

दुसरी सुरी मी चुंबक हातात धरूनच तापवली. शाबूत आहे. आता हाच फंडा सोमवारच्या मीटिंगमध्ये वापरून बघणार आहे. फक्त तिथे चुंबक कुठून आणू?