मालगुंडला रेल्वे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्याची गर्दी सुरू झाली की मालगुंड-गणपतीपुळ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रत्नागिरीपर्यंत रेल्वे आलीच आहे, पुढे पंचवीस-तीस किलोमीटर रूळ टाकायला काय लागतं?" लागतं बरंच. एकदा नीट समजून घेऊ.

गैरसमज: रस्ता जातो, मग रेल्वेही जाईल.

वस्तुस्थिती: ते अंतर रस्त्याचं आहे. एसटी घाटी चढते, वळणं घेते. रेल्वेला ते जमत नाही. कोकण रेल्वे आखताना चढ 150 मीटरला 1 मीटर आणि वळणाची त्रिज्या किमान 1250 मीटर, असं बंधन ठेवलं होतं. आता हिशेब करा. मालगुंडचा किनारा समुद्रसपाटीला. मागचा कातळाचा सडा समजा 100 मीटर उंच. तेवढं चढायला सलग 15 किलोमीटरचा चढ हवा, नाहीतर डोंगर फोडायचा. कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा हौस म्हणून खणलेला नाही.

"मग समुद्राकाठून न्या." साखरतर, आरे-वारे इथल्या खाड्या मुखाशीच सर्वांत रुंद. मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं आणि माडाच्या वाड्या. कोणाची वाडी द्यायची, हे मागणी करणारा कधीच सांगत नाही! कोकण रेल्वेचा मूळ मार्ग किनारा सोडून आतून गेला तो खाड्या टाळण्यासाठीच, आणि तरीही रत्नागिरीजवळ पानवलला 64 मीटर उंच पूल बांधावा लागला.

बरं, रूळ टाकले असं धरू. पुढे गाड्या चालवायच्या कशावर? प्रवासखर्चाच्या सरासरी 57 टक्केच वसूल होतात, हे रेल्वेनेच तिकिटावर छापलं आहे. उरलेलं मालवाहतूक भरून काढते. पर्यटक शुक्रवारी रात्री निघतो, रविवारी परततो. अंगारकीला रांग लागते आणि आषाढातल्या मंगळवारी किनारा मोकळा असतो. अशा गर्दीवर नवा मार्ग तगत नाही.

थोडक्यात आणखी काही

*जयगडची लाइन आपल्यासाठीच होती.* नाही. जयगड-डिंगणी मार्ग आखला गेला तो बंदराच्या मालासाठी.

*सर्वेक्षण झालं की रेल्वे आली.* वैभववाडी-कोल्हापूर मार्ग तर 2016-17च्या अर्थसंकल्पात आला. त्यावरून अजून गाडी धावलेली नाही.

*गाड्या वाढवायला फक्त इच्छा हवी.* कोकण रेल्वेवर दुहेरी मार्ग आहे तो रोहा ते वीर, सुमारे 47 किलोमीटर. पुढे एकेरी रुळावर समोरची गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबावंच लागतं.

*पावसाळ्यात गाड्या उगाच हळू चालवतात.* 2003ला वैभववाडीजवळ आणि 2004ला करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने माणसं मारली. वेगमर्यादा त्यासाठी आहे.

मग मागायचं काय?

रत्नागिरी स्टेशन कुवारबावला, एसटी स्टँड शहरात. बॅगा, मुलं, म्हातारी माणसं घेऊन आलेलं कुटुंब इथेच अडतं. स्टेशनच्या आवारातून, गाडीच्या वेळेला बांधलेली, गाडीला उशीर झाला तर थांबणारी आणि आरे-वारेमार्गे थेट गणपतीपुळे-मालगुंडला जाणारी एसटी मागा. मालगुंडातल्या कवी केशवसुतांच्या स्मारकाला येणाऱ्या वाचकाचीही सोय तिनेच होईल. वीरच्या पुढचं दुहेरीकरण मागा. ग्रामसभेचा ठराव करायचाच असेल, तर या दोन गोष्टींचा करा. त्या होण्यासारख्या आहेत.