थोडक्या पैशांत, सर्वांना घेऊन

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते आणि ती योग्यच आहे. परंतु प्रवासाचा विषय निघाला की या शिकवणीला भलतेच वळण लागते. अंथरूण अपुरे पडणार असे दिसताच घरातील एखादी व्यक्ती आपणहून पाय आखडून घेते. ‘‘तुम्ही सगळे जाऊन या, मी घरी राहते. गुराढोरांकडे, दारावळ्याकडे कोणी नको का?’’ ही व्यक्ती बहुधा आजी असते. आजी नसेल तर आई. बाकीची मंडळी थोडा आग्रह करतात आणि मग गप्प राहतात. वर्षामागून वर्षे जातात आणि जिने घरातील प्रत्येकाच्या प्रवासाची शिदोरी बांधली, तिने स्वतः पंढरपूर पाहिलेलेच नसते.

या त्यागाने घराचे खरोखर किती पैसे वाचतात, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो आज येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

सीमेअलीकडची घरे

पांढुर्णा आणि सौसर या भागांतील मराठी घरांना प्रवास ही निव्वळ हौस नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातूनच पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रांतांच्या सीमा अशा बदलल्या, पण सोयरीक, कुलदैवते आणि वारीची वाट बदलली नाही. कोणाची कुलस्वामिनी माहूरची रेणुका, कोणाची तुळजापूरची भवानी. लेकी दिलेल्या काटोल, वरूड, अमरावतीकडे. मुलांच्या शाळेतील भाषा हिंदी झालेली असताना ही जाण्यायेण्याची वाट मोडली, तर मराठी बोलण्याचे आणखी एक कारण घरातून नाहीसे होते. म्हणून आमच्याकडे प्रवासाला कोणी जावे आणि कोणी मागे राहावे, हा केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही. ज्या आजीपाशी कुळाचाराच्या आठवणी आहेत, तीच मागे राहिली तर नातवंडांना देवीपुढे उभे करून सांगणार कोण?

माणशी खर्च आणि घरटी खर्च

प्रवासाच्या खर्चाचे दोन प्रकार असतात. तिकीट आणि जेवण हा माणशी खर्च. माणूस वाढला की तो वाढतो. खोलीचे भाडे, रिक्षा, पूजा-दक्षिणा आणि खरेदी हा घरटी खर्च. चारजण गेले काय आणि पाचजण गेले काय, तो जवळजवळ तेवढाच राहतो.

उदाहरणादाखल, पाच माणसांच्या कुटुंबाने दहा हजार रुपयांचा बेत आखला असे धरू. त्यांपैकी खोलीचे १८००, रिक्षाचे ९००, पूजेचे ३०० आणि खरेदीचे १००० मिळून घरटी खर्च ४००० रुपये होतो. उरलेले ६००० रुपये माणशी, म्हणजे एका माणसामागे १२०० पडतात. आता आजी घरी राहिली तर वरवर पाहता खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोन हजार रुपये वाचायला हवेत. प्रत्यक्षात वाचतात बाराशे.

हे बाराशे दुसरीकडून काढता येत नाहीत काय? बाहेरचे एक वेळचे जेवण माणशी ८० रुपये धरले, तर दोन वेळची शिदोरी घरून नेल्याने पाचजणांचे ८०० रुपये वाचतात. खरेदी निम्मी केली की आणखी ५०० वाचतात. एकूण झाले तेराशे. आजी गाडीत बसली आणि वर शंभर रुपये शिल्लकही राहिले! आकडे प्रत्येक घराचे निराळे असतील, परंतु कागदावर दोन रकाने आखून पाहिल्याशिवाय कोणाला घरी ठेवू नये.

आधी हंगाम, मग पंचांग

आमच्या भागात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. तो संत्र्याच्या आणि कापसाच्या हंगामाला येतो. आंबिया बहाराची फळे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात, मृगाची फळे फेब्रुवारीपासून पुढे. कापूसही दिवाळीच्या मागेपुढे घरात येऊ लागतो. आषाढी एकादशी मात्र नेमकी पेरणीच्या ऐन धांदलीत येते. हातचा पैसा बियाणे-खतांत गेलेला आणि पंढरपुरात मुंगीला शिरायला वाट नाही, अशा वेळी कर्ज काढून वारी करण्यात शहाणपण नाही.

वर्षात मोठ्या वाऱ्या चार: आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. त्यांपैकी माघी व चैत्री या आमच्या संत्रावाल्या घरांच्या हंगामाशी उत्तम जुळतात आणि गर्दीही आषाढीच्या मानाने पुष्कळ कमी असते. एकादशीचाच आग्रह नसेल, तर त्यापुढील आठवड्यातले मधले वार धरावेत. दर्शनाच्या रांगेत म्हाताऱ्या माणसाचे पाय वाचतात आणि खोलीही सुखाने मिळते. आषाढीलाच जायचे ठरले, तर मध्य रेल्वे त्या सुमारास नागपूर व अमरावतीकडून विशेष गाड्या सोडते. त्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवावे.

ज्यांचे उत्पन्न पगाराचे आहे, त्यांना भिशीचा मार्ग बरा. दरमहा ८५० रुपये बाजूला पडले, तर वर्षअखेर १०,२०० रुपये हाती येतात. हा पैसा घरखर्चाच्या डब्यात न ठेवता वेगळा ठेवावा, हे गृहिणींना आम्ही निराळे सांगायला नकोच.

रेल्वेचे नियम कामी आणावेत

पांढुर्णा हे दिल्ली–नागपूर हमरस्त्यावरील स्थानक; नागपूर तेथून सुमारे शंभर किलोमीटर. परंतु साऱ्याच मोठ्या गाड्या येथे थांबत नाहीत. म्हणून लांबचा प्रवास नागपूरपासून धरावा लागतो. अलीकडे नरखेड–अमरावती लोहमार्ग झाल्याने अकोला-शेगावकडे जाण्यास नरखेडची वाटही आहे. दोन्ही वाटांचे वेळापत्रक ताडून पाहावे. सौसरची धाकटी रेल्वे २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली आणि आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. तेथील प्रवाशांनी एक गोष्ट आधी पाहावी: आपली गाडी इतवारीलाच थांबते की नागपूर जंक्शनपर्यंत जाते? इतवारीहून सामानासह जंक्शनला जाण्याचा रिक्षाखर्च आणि लागणारा वेळ बेतात धरला नाही, तर पहिल्याच दिवशी गणित चुकते.

रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे किलोमीटरमागे कमी होत जाते. त्यामुळे एकाच मार्गावरचे तुकड्यातुकड्यांचे तिकीट महाग आणि सलग तिकीट स्वस्त पडते. पाचशे किलोमीटरहून अधिक अंतराच्या तिकिटावर वाटेत उतरण्याची मुभाही आहे. हजार किलोमीटरपर्यंत एकदा, त्यापुढे दोनदा, प्रत्येक वेळी दोन दिवस. मात्र पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर प्रवास झाल्यावरच करता येतो. जेथून निघायचे तेथेच परत येऊन मध्ये अनेक गावे करायची असतील, तर वर्तुळ प्रवासाचे तिकीट काढता येते आणि त्यावर आठ ठिकाणी उतरता येते. त्यासाठी प्रवासाचा आराखडा मोठ्या स्थानकावर अगोदर द्यावा लागतो.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. हा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच खुणावून ठेवावा, कारण तत्काळ तिकिटाला जादा आकार पडतो. नागपूरहून पंढरपूरवरून कोल्हापूरला जाणारी गाडी आठवड्यातून दोनच दिवस असते, तेव्हा रजा आधी ठरवून मग गाडी शोधण्याऐवजी गाडी पाहूनच रजा ठरवावी. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून थांबलेली आहे. जुन्या आठवणीवर बेत करू नये. मात्र तिकीट काढताना वय बरोबर लिहिले, तर साठीपुढील पुरुषांना व पंचेचाळिशीपुढील स्त्रियांना शक्यतो खालची जागा दिली जाते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांस स्वतंत्र जागा घेतली तर पूर्ण भाडे आणि जागा न घेतल्यास निम्मे भाडे पडते. रात्रीच्या एका प्रवासात लहानग्याला कुशीत घेता येत असेल, तर ही बचत लहान नाही.

दोन राज्यांच्या सवलती

सीमेवर राहणाऱ्यांना दोन्हीकडचे नियम ठाऊक हवेत. महाराष्ट्राच्या एस.टी.ने १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे केले. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, म्हणून पांढुर्ण्याहून एस.टी.त बसलेल्या बाईला सीमेपर्यंतचे भाडे पूर्ण आणि पुढचे निम्मे, असे धरून चालावे. वृद्धांच्या सवलती मात्र त्या राज्याच्या नागरिकांसाठी जाहीर झालेल्या आहेत. आपल्या आधारपत्रावर मध्य प्रदेशाचा पत्ता असतो, तेव्हा त्या मिळतीलच असे गृहीत धरू नये. आगारात विचारून घ्यावे. माहूर, तुळजापूर अशी रेल्वेपासून बाजूला असलेली ठिकाणे एका फेरीत करायची असतील, तर एस.टी.चा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास सुट्या तिकिटांशी तुलना करून घ्यावा.

इकडे मध्य प्रदेश शासनाने २०१२ साली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सुरू केली. साठ वर्षांवरील, प्राप्तिकर न भरणाऱ्या रहिवाशांना निवडक तीर्थांची यात्रा शासनाच्या खर्चाने घडते. अर्ज जास्त आले तर सोडत निघते. ज्या आजी-आजोबांना रामेश्वर किंवा जगन्नाथपुरीचा खर्च मुलांवर टाकणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात एकदा चौकशी करण्याला काहीच पैसे पडत नाहीत.

मुक्काम आणि शिदोरी

शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे अल्प दरासाठी आणि स्वच्छतेसाठी सर्वांना परिचित आहेत; तेथे महाप्रसादाचीही सोय असते. संस्थानाच्या शाखा पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वर येथेही आहेत. पंढरपुरात मंदिर समितीचे भक्तनिवासही आहे. मात्र खोलीसाठी पैसे भरण्यापूर्वी सावध असावे. तीर्थक्षेत्रांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळणारे भामटे अलीकडे फार झाले आहेत. संस्थानाच्या कार्यालयाशी बोलल्याशिवाय कोणाच्याही खात्यावर पैसे पाठवू नयेत.

शिदोरीला दुधातल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, तिळाची चटणी, चिवडा आणि हंगामात आपल्याच बागेतली संत्री पुरेत. वृद्धांची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. एकूण रकमेचा दहावा हिस्सा वेगळ्या पाकिटात ठेवून त्याला परतीच्या गाडीत बसेपर्यंत हात लावू नये. काटकसरीच्या प्रवासात हाच आपला विमा.

हेही जमत नसेल तर

ज्या घरी यंदा एवढीही रक्कम निघणार नाही, त्यांनी प्रवास रद्द न करता लहान करावा. सौसरकरांना सावनेरच्या बाजूस धापेवाडा आहे. विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाणारे हे गाव चंद्रभागा नावाच्याच नदीकाठी वसलेले असून आषाढी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. पांढुर्णेकरांना रेल्वेने मुलताई गाठून तापीच्या उगमाचे दर्शन घेता येते आणि दिव्याच्या वेळेस घरी परतता येते. जामसावळीचा पहुडलेला मारुती तर आपल्या अंगणातलाच. एका दिवसाचा हा प्रवासही पूर्ण घराने करावा. दारावर शेजाऱ्याची नजर ठेवता येते आणि गुरांना एक दिवस पाणी दाखवणारा माणूस गावात मिळतोच. पुढे त्या शेजाऱ्याच्या प्रवासात आपण त्याचे दार राखावे.

काटकसर हा सद्‌गुण आहे. पण तिचा भार नेहमी एकाच माणसाच्या अंगावर पडत असेल, तर तिला काटकसर म्हणू नये. यंदा बेत आखायला बसाल तेव्हा कागदावर सर्वांत वर घरातील सगळ्या माणसांची नावे लिहा, त्याखाली रक्कम लिहा आणि मग गाव ठरवा. पैसे कमी पडलेच तर गाव जवळचे करा, दिवस कमी करा, खरेदी सोडा. पण वर लिहिलेल्या नावांपैकी एकही खोडू नका.