पाथ ‘फेल्ड’ म्हणजे डिस्क गेली?

मॉनिटरिंगच्या पडद्यावर ‘पाथ फेल्ड’ झळकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिस्क गेली का? बहुतेक वेळा गेलेली नसते. मोठ्या सर्व्हरपासून सॅन स्टोरेजपर्यंत मुद्दाम एकाहून जास्त रस्ते ठेवलेले असतात. दोन एचबीए कार्डं, दोन स्विच, दोन कंट्रोलर अशा मांडणीत लिनक्सला एकच डिस्क चार वेळा दिसते: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. मल्टिपाथ या चौघांना एका नावाखाली आणतो. त्यातला एक रस्ता तुटला, तरी बाकीच्यांवरून काम चालू राहतं.

‘पाथ परत आणायला रीबूट हवाच’ हा गैरसमज ‘डिस्क गेली’ या समजाहून महागात पडतो. मल्टिपाथडी ही सेवा प्रत्येक पाथची सतत चौकशी करत असते. मूळ सेटिंगमध्ये ती दर 5 सेकंदांनी होते आणि पाथ ठणठणीत राहिला तर हे अंतर 20 सेकंदांपर्यंत वाढतं. केबल नीट बसली की पाथ बहुधा आपोआप उठतो. ‘रीइन्स्टेट’ची आज्ञा हातानं देता येते, पण केबल जोडणारं एसएफपी मॉड्यूलच खराब असेल तर पुढच्या तपासणीत तो पुन्हा पडणार.

रस्ता फार वेळ बंद राहिला, तर फायबर चॅनलमध्ये ठरावीक मुदतीनंतर कर्नल त्या पाथची नोंदच काढून टाकू शकतो. दुरुस्तीनंतरही तो दिसत नसेल, तर होस्ट अडॅप्टरच्या ‘स्कॅन’ फाइलमध्ये तीन डॅश लिहायचे. चालू सर्व्हरवरच नव्यानं शोध होतो.

अशा वेळी कालचा एसडीसी आज एसडीजी म्हणून उगवतो आणि डिस्क बदलली म्हणून पुन्हा धावपळ होते. ही अक्षरं दवाखान्यातल्या टोकनसारखी, जो आधी सापडला त्याला आधीचं. त्यांच्या भरवशावर एफएसटॅब लिहिणं हा निव्वळ निष्काळजीपणा. डिस्कची खरी ओळख म्हणजे स्टोरेजनं दिलेला डब्ल्यूडब्ल्यूआयडी. रस्ता कोणताही असो, तो तोच राहतो.

मग मल्टिपाथनं दिलेलं ‘एमपाथए’सारखं नाव तरी पक्कं? त्या सर्व्हरपुरतं. ही नावं बाइंडिंग्ज फाइलमध्ये नोंदलेली असतात, त्यामुळे क्लस्टरमधल्या शेजारच्या नोडवर एमपाथए म्हणजे भलतीच डिस्क असू शकते. सगळीकडे एकच नाव हवं असेल तर मल्टिपाथच्या कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूआयडीसमोर अलियस लिहावा. नाव बदललं म्हणून डेटा जात नाही. डिस्कवर काही लिहिलंच जात नाही. मात्र जुनं नाव वापरणाऱ्या एफएसटॅबच्या ओळी आणि स्क्रिप्ट अडतात. शिवाय बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये कॉन्फिगची जुनी प्रत असू शकते. ती नव्यानं बांधली नाही, तर रीबूटनंतर जुनंच नाव समोर येतं.

‘एफएसटॅबमध्ये फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वापरला की निश्चिंत’ हेही अर्धंच खरं. स्टोरेजवर डिस्कचा क्लोन काढला की क्लोनला डब्ल्यूडब्ल्यूआयडी नवा मिळतो, पण फाइलसिस्टिमचा यूयूआयडी जसाच्या तसा उतरतो. दोन्ही डिस्क एकाच सर्व्हरला जोडल्या आणि मूळ डिस्क माउंट असली, तर एक्सएफएस दुसरीला सरळ नकार देते. तात्पुरतं काम ‘नोयूयूआयडी’ पर्यायानं भागतं. क्लोन कायम ठेवायचा असेल, तर त्याला नवा यूयूआयडी द्यावा लागतो.